सांभाळायला सोपे केस

नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरात सकाळ सरळ पूर्वेकडून येत नाही. समोरच्या तीन मजली इमारतीने पूर्व कधीच झाकून टाकली आहे. त्यामुळे ऊन आधी तिच्या गच्चीवरच्या काळ्या टाकीला लागते, तिथून शेजारच्या पत्र्यावर पडते आणि पत्र्यावरून परतून, निम्मे बळ वाटेतच सांडून, आमच्या स्वयंपाकघराच्या जाळीतून आत उतरते. त्याला ऊन म्हणता येत नाही. तो नुसता उजेड असतो, ताकाच्या निवळीसारखा पातळ. आधी तो मांडणीतल्या ताटांच्या कडा उजळतो, एकेक कड दुसरीपासून सुटी करतो, मग माठाच्या ओल्या पोटावरून घसरत ओट्याखाली येतो आणि पॅसेजच्या तोंडाशी जरा घोटाळतो. स्वयंपाकघरापासून माझ्या खोलीपर्यंतच्या त्या अरुंद पॅसेजमध्ये पाच फरशा आहेत. तिसरीला मधोमध तडा गेला आहे. उजेड त्या तड्यात काही वेळ साचून राहतो, बाकीची फरशी अंधारात असताना तेवढी एक रेघ दिसते. साडेसहाला तो तिसऱ्या फरशीवर असतो, पावणेसातला चौथीवर, आणि पाचवीवर पोचेपर्यंत त्याची कड विरघळून गेलेली असते. माझ्या खाटेवरून, उजव्या कुशीवर असताना, हे सारे डोळे पुरते न उघडताही दिसते. पॅसेजमधून कोणी गेले की उजेडाची ती पट्टी तुटते. बाबा जात तेव्हा ती झटकन तुटून झटकन सांधली जाई. आई गेली की ती सावकाश तुटते आणि सांधायला वेळ घेते, कारण आई दाराशी आली की थोडी थांबते. आता पट्टी तोडणारे एकच माणूस घरात उरले आहे. मी सहसा उशिरा उठतो. एका शिकवणी संस्थेसाठी घरी बसून प्रश्नसंच तपासण्याचे माझे काम आहे आणि त्याला सकाळची गरज नसते.

मार्चमधल्या अशाच एका सकाळी आईने चहाबरोबर आपला फोन माझ्यापुढे ठेवला. अक्षर अचानक बारीक झाले होते, ते मोठे करून हवे होते. फोन हातात घेतला तेव्हा पडद्यावर तिने शोधलेले शब्द तसेच होते, जोडाक्षरे चुकवत, एका बोटाने लिहिलेले: पन्नाशीत शोभणारे केस सांभाळायला सोपे. त्याखाली बायकांचे फोटो, रांगेने, सगळ्यांच्या माना उघड्या, सगळ्या हसणाऱ्या, त्यांच्यातली एकही पन्नाशीची नव्हती. मी अक्षर मोठे केले आणि फोन परत दिला. मी वाचले हे तिला कळले, आणि मी काही बोलणार नाही हेही. ती बशीतला चहा संपेपर्यंत बसून राहिली, मग शाळेची पिशवी डाव्या खांद्यावर घेऊन निघाली. पाठीवर वेणी होती. शेजारच्या सिंधूताईंनी घातलेली, ताठ, डोक्याच्या कातडीला ओढ बसावी इतकी घट्ट. ती दारातून बाहेर पडली तेव्हा मला जे वाटले त्याला मी त्या वेळी नाव दिले नाही. एखाद्याने आपल्या घराचा पत्ता दुसऱ्याला विचारताना आपण ऐकावे, तसे काहीसे ते होते.

आईची वेणी हे बाबांचे काम होते. मी नऊ वर्षांचा असताना ती स्कूटीवरून पडली, उजव्या गळपट्टीचे हाड मोडले, आणि हात गळ्यात बांधून घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी बाबांनी खाटेच्या कडेवर बसून तिला पुढ्यात स्टुलावर बसवले. हाड जुळले, हात सुटा झाला, तरी ते काम त्यांच्याकडेच राहिले. मग आईला साखर निघाली, खांदा आखडत गेला, आणि जे कौतुकाचे होते ते गरजेचे झाले. बाबा महाल भागातल्या एका गाळ्यात जळालेल्या मोटारी भरत, म्हणजे आतले करपलेले तांब्याचे वेटोळे उपसून नवी तार गुंडाळून बसवत. नरखेडकडून संत्र्याच्या बागांतले पंप येत, काळे पडलेले, जळक्या वार्निशचा वास घेऊन, आणि बाबा त्यांच्या पोटात डोके घालून बसत. तार गुंडाळताना ते ओठांत वेढे मोजत. वेणी घालतानाही मोजत. मी लहान असताना ती एकतीस वेढ्यांची होती. अखेरीस बावीसवर आली होती, पण मोजणे त्यांनी सोडले नाही. बाविसावा वेढा झाला की खिशातून पांढरी सुती फीत काढत, ज्या कॉटन टेपने ते मोटारीतले वेटोळे आवळून बांधत तीच, आणि तीच गाठ मारून वेणीचे टोक बंद करत. ती गाठ सैल होत नसे. घरात रिबिनी होत्या, रबर होते, मेळ्यातून आणलेले चाप होते. पण आई आयुष्यभर मोटारीची फीत बांधून गणित शिकवायला गेली. तिच्या केसांना खोबरेल आणि वार्निश यांचा मिळून एक वास होता. तो वास मला कुठल्याही वस्तूत पुन्हा सापडलेला नाही आणि मी तो शोधलेलाही नाही.

मला वेणी येते. हे मी इथे लिहितो आहे कारण पुढे ते लपवता येणार नाही. अकरा वर्षांचा असताना एका रविवारी बाबांनी मला मागे बसवले, माझ्या बोटांत तीन पेड दिले आणि माझे हात आपल्या हातांत धरून पहिले चार वेढे घालून दिले. म्हणाले, "ताण सारखा ठेव. मोटर असो का केस, एकच गोष्ट हाय." आई पुढे बसून पेपर तपासत होती, मान हलवली की माझ्या हातातले पेड किंचित ओढले जात आणि मला वाटे, एक मोठे, उबदार जनावर मी लगामाने धरले आहे. मी तेवीसपर्यंत गेलो. त्या दिवशी खिडकीशी गल्लीतली दोन पोरे उभी होती हे मला गाठ मारताना दिसले. त्यानंतर सातवीचे ते अख्खे वर्ष माझे नाव वेणीवाला असे होते. वर्गात कोणीतरी मागून माझ्या मानेवर तीन बोटे फिरवी आणि बाक हसे. मी घरी काही सांगितले नाही. बाबांनी पुढच्या रविवारी हाक मारली तेव्हा पोट दुखते म्हणालो, त्याच्या पुढच्या रविवारीही म्हणालो, आणि मग त्यांनी हाक मारणे सोडले. ते रागावले नाहीत. त्यांना कळले असावे असा मला आता संशय येतो, आणि तो संशय कुठल्याही रागाहून जड आहे.

ते गेले ऑक्टोबरमध्ये, गाळ्यात, सकाळी अकराच्या सुमाराला, एका उघड्या मोटारीवर ओणवे होऊन. त्या दिवशीही त्यांनी नऊला आईची वेणी घातली होती. आई वर्गात होती. शाळेतून तिला आणले तेव्हा फीत जागच्या जागी होती. बुद्धविहारातल्या बायका जमल्या, कोणी म्हणाले डोक्यावरून पाणी घे माया, केस मोकळे कर, बरे वाटेल. आई नाही म्हणाली. पुढचे सात दिवस तिने ती वेणी सोडली नाही. झोपताना ती छातीवर घेऊन झोपे. दिवसागणिक तिच्यातून केस निसटत गेले, पेड फुगले, वेणी एखाद्या वापरून जुन्या झालेल्या दोरासारखी दिसू लागली, पण टोकाची गाठ तशीच होती. सातव्या दिवशी भंतेजी आले, परित्राणाचा पाठ झाला, लोक जेवून गेले. आठव्या दिवशी पहाटे मोरीत पाण्याचा आवाज झाला. आईने वेणी सोडली होती आणि केस धुतले होते.

त्या सकाळी ती फणी आणि फीत घेऊन माझ्या दाराशी आली होती. मी झोपलो होतो. ती आली होती हे मला नंतर कळले, ती सिंधूताईंना सांगत होती त्यावरून. सात रात्री घरात कोणी नीट झोपले नव्हते आणि आठव्या दिवशी सव्वीस वर्षांच्या माणसाला गाढ झोप लागली यात आश्चर्य नाही. कोणी मला कधी त्याबद्दल विचारलेले नाही. आईने तर नाहीच.

मग सिंधूताई. त्या आमच्या डाव्या हाताला राहतात, सरकारी दवाखान्यातून आया म्हणून निवृत्त झाल्या, आणि त्यांच्या बोलण्याला दार नाही. रोज सव्वानऊला आई त्यांच्या ओट्याच्या पायरीवर बसे आणि त्या वर बसून तिचे डोके दोन गुडघ्यांमध्ये धरून वेणी घालत. माझ्या खोलीची खिडकी त्या ओट्यावर उघडते. एकदा जानेवारीत मी खिडकीपाशी काम करत होतो, तेव्हा त्या मला ऐकू यावे अशा बेताने म्हणाल्या, "काहून वं माया, घरात एवढा तरणा पोरगा असून तू माह्या पायरीवर बसते. त्याले दोन हात नाही का?" आई म्हणाली, "त्याची झोप कच्ची राहते ताई. उठवाव नाही वाटत." नऊ वाजून वीस मिनिटे झाली होती. मी खिडकीच्या आत, हातभर अंतरावर, कपडे घालून बसलो होतो. मी हळूच खुर्ची मागे घेतली, इतकी हळू की तिचा पाय फरशीला घासू नये. त्या दिवसापासून मी सव्वानऊला आंघोळीला जाऊ लागलो. नळ पूर्ण सोडला की ओट्यावरचे काही ऐकू येत नाही.

मार्चच्या अखेरीस आईने तोंडाने सांगितले. रविवारी केस कापते म्हणते, तू सोबत चल, मला आरशात काही समजत नाही. तेव्हा मी जे बोललो ते मला शब्दशः आठवते आणि आठवू नये असे वाटते. मी तिला तत्त्व सांगितले. म्हणालो, नवरा गेल्यावर बाईचे केस जाणे ही ज्या जगाची रीत होती ते जग आजोबांनी छप्पन साली दीक्षाभूमीवर सोडले. तू बांगडी काढली नाहीस, फिक्या रंगाचे नेसली नाहीस, आणि आता सहा महिन्यांत केस काढलेस तर लोक त्याचा तोच अर्थ लावतील. मी चांगले बोललो. वाक्ये पूर्ण होती. बोलता बोलता मला स्वतःचा आवाज आवडू लागला, आणि मी आणखी पुढे गेलो. शरीर, स्मृती, बायकांवर लादलेली शिस्त, असे काही. आई भाजी निवडत होती. तिने मला पूर्ण बोलू दिले. मग म्हणाली, "खांदा वर होत नाही गा माहा. त्यात धरम कुठं आला?" आणि मेथीच्या काड्या उचलून ती ओट्याकडे गेली. मला हायसे वाटले, हे त्यातले सर्वांत वाईट. मला वाटले होते ती दुसरेच काही म्हणेल.

विहारात बातमी उलटीच पोचली. सिंधूताईंनी पौर्णिमेच्या वंदनेनंतर सगळ्यांदेखत तिला विचारले, चीवर घेते का वं, मुंडन करून श्रामणेरीच्या शिबिराले चालली का, आम्हाले सांगाच तर होतं, बुंदी वाटली असती. बायका हसल्या. आईही हसली आणि म्हणाली की नाही, शाळेची साडेचार वर्षं बाकी हायेत, तोवर भंतेजींनी थांबाव. ती तशीच हसत घरी आली, दारात चपला काढल्या आणि डाव्या हाताने उजवा हात उचलून टेबलावर ठेवला, जशी एखादी पिशवी ठेवावी.

काजलचे पार्लर आमच्यापासून चार गल्ल्यांवर, ग्रेट नाग रोड ओलांडून, एका घराच्या पुढच्या खोलीत आहे. पुरुषांनी बाहेर खुर्चीवर बसायचे असते, पण आईने मला आत बोलावले आणि काजलने पडदा सारून जागा केली. खोलीत सुगंधी पाण्याच्या फवाऱ्याचा आणि ओल्या केसांचा वास होता. आई उंच खुर्चीत बसली तेव्हा तिचे पाय जमिनीला टेकेनात; तिने ते एकमेकांवर ठेवले. काजल तिशीची, चटपटीत, आईच्याच शाळेत कधीकाळी शिकलेली. तिने आईचा चेहरा दोन बोटांनी हनुवटीला धरून आरशात डावीकडे, उजवीकडे वळवला. मी आईचा चेहरा कोणी असा धरलेला कधी पाहिला नव्हता. गोल आहे, काजल म्हणाली, गाल भरलेले आहेत, एकदम आखूड नको, मानेपर्यंत ठेवू, समोरून जरा लांब, मागून हलके, पांढरे आहेत तसेच छान दिसतात, रंगाच्या नादी लागू नका मॅडम. सकाळी धुतले की बोटं फिरवायची, काम खतम. आई मान डोलवत होती. तिने चार फोटो निवडून ठेवले होते. ते दाखवलेच नाहीत. तिने एकच प्रश्न विचारला, वर्गात मागच्या बाकावरची मुलगी विचारते तशा आवाजात.

"एका हातानं होईन न वं?"

काजल म्हणाली, एका हातानंच होते मॅडम. मग वेणीवर हात ठेवत, बोलण्याच्या ओघात, तिने विचारले की इतके दिवस कोण घालून द्यायचे. आई म्हणाली, याचे बाबा. आणि ते गेल्यावर? आई म्हणाली, मग शेजारच्या ताई. काजलने आरशातून माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात काही नव्हते, मी नीट तपासून पाहिले, काही नव्हते. ती फक्त कंगवा कुठे ठेवला ते शोधत होती. पण आईला ते पाहणे दिसले आणि ती घाईने दुसरे काही सांगू लागली. सांगू लागली की तिला आता फळ्याच्या खालच्या अर्ध्याच भागात लिहिता येते. वर हात जात नाही. सहावीच्या पोरांना वाटते की मॅडमची ही शिकवण्याची पद्धतच आहे. एका पोराने तर घरी जाऊन सांगितले की वरची जागा मोठ्या गणितांसाठी राखून ठेवलेली असते. काजल हसली. आई हसली. हे मला माहीत नव्हते. त्या पोराच्या घरी माहीत होते आणि मला माहीत नव्हते. मी त्या अर्ध्या रिकाम्या फळ्याचा विचार करत राहिलो. त्यावर दुसऱ्या कोणा शिक्षकाने वरच्या बाजूला लिहिलेले काही दिवसेंदिवस तसेच राहत असेल, आणि त्याखाली ती, चौकटीत, आपले अपूर्णांक मांडत असेल.

वेणी अख्खी कापू, काजल म्हणाली, दोन्ही बाजूंना बांधून, म्हणजे तुम्हाला ठेवता येईल. तिने बांधायला आपले एक रबर काढले. आईने पदराखालून डावा हात बाहेर काढला आणि पर्स मागितली. पर्समध्ये, चष्म्याच्या घरात, गुंडाळून ठेवलेली फीत होती. तिचा पांढरा रंग पिवळट झाला होता आणि मधोमध एक चुरगळलेली आडवी खूण होती, जिथे सात दिवस ती गाठ बसलेली होती. काजलने फीत उलटसुलट पाहिली, म्हणाली, यानं पक्कं नाही बसणार मॅडम, निसटेल. आई म्हणाली, बसते. मग तिने मान न वळवता, आरशातूनही न पाहता, फीत खांद्यावरून मागे धरली.

"अंकित, गाठ मार गा. तुले येते."

काजल बाजूला सरकली. मी उठलो. खुर्चीमागे उभा राहिलो आणि पंधरा वर्षांनी आईचे केस हातात घेतले. ते माझ्या आठवणीतल्यापेक्षा पुष्कळ कमी होते. मानेपाशी, जिथे वेणी सुरू होते, तिथे त्यांची जाडी माझ्या अंगठ्याएवढी होती, आणि ते ऊन होते, मानेच्या उबेने. वार्निशचा वास नव्हता. सिंधूताईंच्या आवळ्याच्या तेलाचा होता. बोटांनी आपले आपण काम केले. फीत दोनदा फिरवली, एक टोक वेढ्याखालून काढले, ओढ दिली, ताण सारखा ठेवला. गाठ बसली. तेव्हा मी वर पाहिले आणि आरशात आई माझ्याकडे पाहत होती. रागाने नाही. शिक्षक उत्तरपत्रिकेत बरोबर आलेल्या उत्तराकडे पाहतात, मुलाने ते आधी सोडवायला नकार दिलेला असताना, तसे. ती हळू म्हणाली, "येते न."

त्या वेळी बोलता आले असते. काजलच्या हातात कात्री होती पण ती उघडलेली नव्हती. वाक्य तयार होते, पाच शब्दांचे, आणि ते किती सोपे होते हे मला अजून आश्चर्याचे वाटते. राहू दे, मी घालत जाईन, यातला कुठलाही अर्धा भाग पुरला असता. पंख्याचा वारा गळ्याभोवतीच्या काळ्या कापडात शिरून ते फुगत होते आणि बसत होते. काजलने विचारले, पक्कं न मॅडम? आईची नजर माझ्यावरून हलली नाही. मी मनात मोजू लागलो, का ते ठाऊक नाही, आणि नऊवर असताना खिशातला फोन थरथरला. मी तो काढून पाहिला. जाहिरात होती. मी ती शेवटपर्यंत वाचली. मान वर केली तेव्हा आईने डोळे मिटले होते आणि ती म्हणत होती, हो, काप.

वेणी एका घावात कापली जात नाही. कात्री तिला चावत चावत जाते. तो आवाज मी ओळखला. बाबा करपलेले वेटोळे छिन्नीने तोडत तेव्हा आधी एकेक तार सुटताना तसाच कोरडा, बारीक आवाज येई. मग काजलने ती माझ्या हातात दिली, कारण मीच सर्वांत जवळ उभा होतो. मानेकडचा भाग थोडा वेळ ऊन होता. मी तो निवेपर्यंत हातात धरून उभा राहिलो.

केस आईला शोभले. हे सांगायला हवे, कारण ते न शोभते तर मला काही म्हणता आले असते. गालांवरून पुढे आलेल्या दोन पांढऱ्या बटांनी तिचा चेहरा हलका झाला, मान लांब दिसू लागली, डाव्या कानामागे एक तीळ होता तो मी पहिल्यांदा पाहिला. बाबांनी तो रोज पाहिला असेल. काजलने मागे छोटा आरसा धरून दाखवला आणि म्हणाली, दहा वर्षं कमी झाली. आईने डाव्या हाताची बोटे केसांतून फिरवली. एकदा, दोनदा. बोटे विनाअडथळा बाहेर आली. ती तसाच हात हवेत धरून त्या रिकाम्या झालेल्या बोटांकडे पाहत राहिली, मग कापड सोडायला तिने खूण केली. स्कूटीवर मागे बसल्यावर तिने नेहमीप्रमाणे माझ्या खांद्याला धरले. ग्रेट नाग रोडच्या सिग्नलला ती म्हणाली, हलकं वाटून राहिलं. मी हो म्हणालो. वेणी कागदात गुंडाळून माझ्या शर्टाच्या आत, पोटाशी होती. तिला धक्का लागू नये म्हणून मी वाकून गाडी चालवत होतो.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. ताटांच्या कडा उजळल्या, माठाचे पोट उजळले, तिसऱ्या फरशीच्या तड्यात उजेड साचला. मोरीत पाण्याचा आवाज झाला आणि फार लवकर थांबला. आई पॅसेजमध्ये आली नाही. तिला माझ्या दाराशी येण्याचे, तिथे थोडे थांबण्याचे, काही कारण उरले नव्हते, आणि चौथ्या फरशीवरची पट्टी अखंड राहिली, पाचवीवर जाऊन विरघळेपर्यंत. सव्वानऊला मी आंघोळीला गेलो नाही. खिडकीपाशी बसलो. सिंधूताई ओट्यावर तेलाची बाटली घेऊन बसल्या होत्या. सवयीने आणली असावी. आई साडी नेसून, पिशवी डाव्या खांद्यावर घेऊन फाटकातून बाहेर पडली तेव्हा त्या तिला वरपासून खालपर्यंत पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, चांगली दिसून राहिली वं, पण मले करमन नाही आता सकाळी. आई थांबली. केसांतून बोटे फिरवत म्हणाली, "आता कोनाचं काम नाही पडत, ताई." ती हे गमतीने म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. मी पुन्हा पुन्हा ऐकून पाहिले, त्यात कोणासाठीच काही नव्हते.

वेणी माझ्या कपाटात आहे, कागदात, वरच्या टोकाला मी बांधलेली फीत आणि खालच्या टोकाला सिंधूताईंचे लाल रबर. रबर आत्ताच सैल झाले आहे आणि खालचे वेढे सुटू लागले आहेत. मी ते मोजले. एकोणीस भरले.

सिंधूताईंना, आईला, आणि मुख्यतः स्वतःला, मी इतके महिने भासवत आलो की आठव्या दिवशी मी झोपलो होतो. पण उजेड तेव्हा चौथ्या फरशीवर होता. पट्टी सावकाश तुटली आणि तुटलेलीच राहिली. आईच्या हातातल्या फणीचे टोकाचे दोन दात मोडलेले होते, फीत तिने करंगळीला गुंडाळली होती, आणि मोकळ्या केसांतून पाणी फरशीवर पडत होते. एक थेंब, मग बऱ्याच वेळाने दुसरा. तिने एकदाच हाक मारली, उठवण्यासाठी मारतात त्याहून हळू. मी श्वास लांब केला, झोपलेल्या माणसाचा असतो तसा, आणि ती जाईपर्यंत तसाच ठेवला.

मी जागा होतो.